गोचीड तापाच्या रक्त तपासणीसाठी लॅब, तीन जनावरं, तीन वेगळे रिपोर्ट

पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली येईलच, तेवढं नक्की वाचा.

ही जनावरांच्या रोगनिदानाची लॅब आहे. रक्ताची काच म्हणजे स्मिअर बघतात, हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के ते) करून देतात, हवं असेल तर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधायची तपासणी, पण करतात. मी दीड वर्षात तीन वेळा नमुने नेले. तिन्ही वेळा गोठ्यात उभं राहून बघितलं तर एकच चित्र होतं, ताप, वैरणीला तोंड नाही, दूध एकदम खाली, आणि तिन्ही वेळा बघणाऱ्यांनी एकच नाव घेतलं, गोचीड ताप. काचेवर मात्र तिन्ही वेळा वेगळा जंतू निघाला आणि तिन्ही वेळा औषध वेगळं लागलं. माझ्यासारखं कोणी तापाचं इंजेक्शन देऊन वाट बघत बसलं असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

लॅब माहीत नव्हती तेव्हाचं आधी सांगतो. चौदा महिन्यांची संकरित कालवड होती, ताप १०५. पहिल्या दिवशी तापाचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, ताप उतरला, तिने थोडं खाल्लं, आम्हाला बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत चढला, परत इंजेक्शन, परत उतरला, असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिच्या खांद्याच्या पुढे हात फिरवला तर गाठ हाताला लागली, चांगली मुठीएवढी, आणि कानाखाली पण सूज. डोळ्याची पापणी उलटी करून बघितली, आतली कातडी पांढरी पडलेली आणि त्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके. सातव्या दिवशी गेली. आता कळतं की ती गाठ पहिल्या दोन दिवसांत पण असणार, लहान असेल पण असणार, आम्ही हातच लावला नाही. ते अजून मनातून जात नाही.

पहिला नमुना आमच्या तांबडीचा. विऊन तीन आठवडे झालेले, दूध भरात, आणि एका सकाळी अंग भट्टीसारखं, थर्मामीटर लावला तर १०६. या वेळी डॉक्टर मॅडम वेगळ्या होत्या, त्यांनी आल्या आल्या सांगितलं की आधी काच काढू मग इंजेक्शनचं बघू. औषध आधी अंगात गेलं की रक्तातले जंतू कमी होतात आणि मग काचेवर काही सापडत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

काच कशी काढली ते सांगतो कारण निम्मा रिपोर्ट इथेच ठरतो. कानाच्या टोकाचे केस काढले, स्पिरिटने पुसलं आणि पूर्ण सुकू दिलं, ओलं असताना टोचलं तर स्पिरिटने रक्ताच्या पेशी फुटतात. मग सुईने टोचून पहिलाच थेंब काचेच्या एका टोकाला घेतला, दुसरी काच तिरकी धरून थेंबाला टेकवली, थेंब कडेने पसरला की एका दमात पुढे ढकलली. थांबत थांबत ओढलं तर पट्टे पडतात. चांगली काच शेवटाला पातळ होत जाते, पक्ष्याच्या पिसाच्या टोकासारखी, आणि लॅबवाले त्या पातळ टोकालाच जास्त बघतात. मग लगेच हवेत हलवून सुकवली. माश्या बसू द्यायच्या नाहीत, सुकणारं रक्त माश्या चाटून खातात आणि काचेवर भोकं पडतात, हे मी स्वतः बघितलंय. त्याशिवाय खांद्यापुढच्या गाठीत सुई घालून जे पाणी आलं त्याची पण एक काच केली. आणि जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, म्हणजे ज्यात रक्त साकळत नाही तिच्यात, रक्त.

लॅबमध्ये नमुना घेणाऱ्या ताई होत्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दादा, बॅगेत फॉर्मॅलिनची बाटली तर नाही ना?" फॉर्मॅलिनच्या नुसत्या वाफेने काच खराब होते, रंग नीट चढत नाही. दुसरा प्रश्न, आधी कुठलं इंजेक्शन झालंय. तिसरा, जनावराचं वय, विऊन किती दिवस, अंगावर गोचीड आहे का, लघवीचा रंग कसा. चार मिनिटं उभं करून विचारलं आणि फॉर्मवर लिहून घेतलं. मला हे फार आवडलं. नमुना घेऊन नुसती पावती देणाऱ्या जागा पण मी बघितल्यात.

अडीच तासात फोन आला. थायलेरिया. मी तिथेच बसून होतो म्हणून ताईंनी मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. गिम्सा रंगाने लाल पेशी फिकट गुलाबी चकत्यांसारख्या दिसतात आणि काही चकत्यांच्या आत अगदी बारीक जांभळी अंगठी, कुठे स्वल्पविराम. पण त्यांनी खरं दाखवलं ते गाठीच्या काचेवर. मोठी पांढरी पेशी, आणि तिच्या पोटात निळसर ठिपक्यांचा गुच्छ, तो म्हणजे शायझोंट, त्यालाच कॉखचे निळे कण म्हणतात. हा जंतू आधी पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला सारखं वाढायला लावतो, पेशी दोन झाली की जंतू पण दोघींत वाटला जातो, म्हणून गाठी सुजतात. लाल पेशीत तो नंतर जातो. म्हणजे गाठ हे पहिलं लक्षण आणि पांढरी पापणी हे उशिराचं. कालवडीच्या वेळी आम्ही पापणीपर्यंत थांबलो होतो.

संध्याकाळी ब्युपारव्हाक्वोन, म्हणजे थायलेरियावरचं इंजेक्शन, दिलं. किलोला अडीच मिलिग्रॅम, तांबडी साधारण ४०० किलो म्हणजे २० मिली, एका जागी १० मिलीच्या वर द्यायचं नाही म्हणून मानेच्या दोन्ही बाजूंना खोल स्नायूत. तिथे सूज आली आणि काही दिवसांनी गेली. तिसऱ्या दिवशी ताप १०२ च्या खाली, चौथ्या दिवशी रवंथ सुरू. दूध लेबलवर सांगितल्याप्रमाणे वेगळं काढलं. मॅडम म्हणाल्या की हे औषध लवकर दिलं तरच असं काम करतं, रक्त संपत आल्यावर दिलं तर जंतू मरतो पण जनावर वाचेलच असं नाही.

लॅबचं आणखी एक काम मला माहीतच नव्हतं, गोचीड ओळखून देतात. ताईंनी सांगितलं म्हणून मी छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये पाच सहा गोचीड टाकून नेले. त्यात दोन जाती निघाल्या. एक मोठा, तपकिरी, पायांवर फिकट कडी असलेला, तो हायलोमा, थायलेरिया तोच पसरवतो. दुसरा लहान, करडा निळसर, तो ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, बबेसिया नावाचा लाल पेशीतला दुसरा जंतू त्याच्याकडून येतो. दोघांची राहायची रीत एकदम वेगळी. मायक्रोप्लस अळीपासून मोठा होईपर्यंत एकाच जनावराच्या अंगावर राहतो, साधारण तीन आठवडे, मग मादी खाली पडून दोन तीन हजार अंडी घालते. हायलोमा मात्र मधेच खाली उतरतो आणि भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या फटीत, दगडाखाली बसून कात टाकतो. लहानपणी आजारी जनावराचं रक्त प्यायलेला हायलोमा कात टाकून मोठा झाला की पुढच्या जनावराला आजार देतो. म्हणजे मी वर्षभर गाईच्या अंगावर फवारत होतो आणि अर्धे गोचीड गोठ्याच्या भिंतीत होते. माझ्या गाई तर चरायला जातच नाहीत, मग गोचीड येतात कुठून हा प्रश्न मला किती दिवस पडलेला, उत्तर माझ्या पाठीमागच्या भिंतीत होतं. आल्यावर आठ दिवसात सगळ्या भेगा सिमेंटने बुजवल्या, गव्हाणीखालचं जुनं लाकूड काढून टाकलं. त्या लाकडाच्या खाली नख घातलं तर कातींचा भुसा निघाला, पांढरट पोकळ कवचं, आणि मधेमधे जिवंत.

याला मी पाच काय सहा स्टार दिले असते.

दुसरी वेळ दोन महिन्यांनी. दुसरी गाय, पाच वर्षांची, बाहेरून आणून महिना झालेला. ताप १०६ आणि लघवी कॉफीच्या रंगाची. मी मॅडमना फोनवरच म्हटलं की तेच इंजेक्शन देऊन टाकू ना, मागच्या वेळी लागू पडलं. त्या म्हणाल्या गाठ बघा. बघितली, गाठ नव्हती. मग म्हणाल्या लघवी काचेच्या बरणीत धरून अर्धा तास ठेवा. तळाला लाल गाळ बसला तर लघवीतून रक्त जातंय, आणि सगळी बरणी सारख्याच रंगाची राहिली तर लाल पेशी अंगातच फुटून त्यांचा रंग उतरतोय. माझी बरणी सारखीच राहिली. पण तेवढ्यानेही ठरत नाही, विल्यावर फॉस्फरस कमी पडला तरी अशीच लघवी होते, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरा जिवाणूच्या आजारात पण होते. म्हणून परत काच.

या वेळी दीड तासातच सांगितलं, बबेसिया बायजेमिना. काचेवर चुकायला जागाच नव्हती, लाल पेशीच्या आत दोन थेंब, टोकाला टोक लावून, जोडीने. थायलेरियाच्या अंगठीपेक्षा बरेच मोठे. यावर ब्युपारव्हाक्वोनचा भरवसा धरता येत नाही, डायमिनाझिन किंवा इमिडोकार्ब लागतं. डायमिनाझिन दिलं, दुसऱ्या दिवशी लघवी फिकी व्हायला लागली. मी माझ्या मनाने जुनं इंजेक्शन दिलं असतं तर तो एक दिवस गेला असता, आणि लाल लघवीत एक दिवस म्हणजे खूप असतो. पीसीव्ही १६ आलेला, गाईचा २४ च्या वर असायला पाहिजे. लॅबने तो आकडा लाल शाईने गोल करून दिला आणि फोनवर वेगळं सांगितलं की डॉक्टरांना हा आकडा आधी दाखवा, रक्त चढवायचं की नाही ते यावर ठरेल. चढवावं लागलं नाही. पण असं सांगणारी लॅब पाहिजे.

तिथेच भिंतीवर एक जुना कागद लावलाय, त्यावर लिहिलंय की गोचिडामुळे आजार पसरतो हे पहिल्यांदा सिद्ध झालं ते याच बबेसियाच्या तापावर, अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी, १८९३ साली. डासामुळे मलेरिया होतो हे त्याच्या नंतर कळलं. मी तो कागद वाट बघत असताना दोनदा वाचला. गाईच्या आजाराने माणसांच्या डॉक्टरांना वाट दाखवली, हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

आणि एक, बबेसियात लहान वासरं मोठ्या गाईपेक्षा जास्त तग धरतात, साधारण नऊ महिन्यांपर्यंत. थायलेरियात तसं नाही, तिथे संकरित वासरं पटकन जातात. म्हणून बाहेरून, गोचीड नसलेल्या जागेवरून मोठी गाय आणली की धोका जास्त, तिने लहानपणी तो जंतू बघितलेलाच नसतो. माझ्या गाईचं तेच झालं असं मॅडमचं म्हणणं.

आता तिसरी वेळ, आणि कापलेला स्टार.

म्हातारी गाय, आमच्याकडचीच, सहा वेत झालेली. ताप फार नाही, १०३, पण रोज थोडी थोडी वाळत चाललेली, शेण घट्ट, पापणी आणि कासेची कातडी पिवळट. लघवी गडद पिवळी, पण लाल नाही. काच दिली. त्या दिवशी ताई नव्हत्या, दुसरे कोणी होते, प्रश्न काही विचारले नाहीत. संध्याकाळी रिपोर्ट आला, छापील, एक ओळ, थायलेरिया पॉझिटिव्ह. किती, काही लिहिलेलं नाही. मॅडम बाहेरगावी होत्या, जे डॉक्टर आले त्यांनी रिपोर्ट बघून ब्युपारव्हाक्वोन दिलं. त्यांची चूक मी म्हणणार नाही, कागदावर तेच होतं. चार दिवस झाले, गाय अजून खाली. पिवळेपणा वाढलेला.

पाचव्या दिवशी मी परत गेलो आणि तीच काच परत बघा म्हणून अडून बसलो. ताई होत्या. त्यांनी दहा मिनिटं बघितलं आणि मला बोलावलं. लाल पेशीच्या अगदी कडेला एक गडद टिंब, पेनची निब टेकवल्यासारखं. दुसऱ्या पेशीत पण कडेला. तिसऱ्या पेशीत पण. तो ॲनाप्लाझ्मा मार्जिनाले, नावच कडेवरून पडलंय. पहिल्या वेळी ज्याने बघितलं त्याने ती टिंबं रंगाची घाण समजून सोडली, आणि पूर्ण काचेवर थायलेरियाच्या अंगठ्या दोन तीन दिसल्या त्या लिहिल्या. अंगठ्या खोट्या नव्हत्या. पण ज्या गाईने कधीकाळी थायलेरिया झेललाय तिच्या रक्तात त्या कित्येक महिने, वर्षं थोड्या थोड्या राहतात, ती वाहक असते, आजारी नाही. हजार पेशींत एक सापडली तर तिचा अर्थ वेगळा, शंभरात वीस सापडल्या तर वेगळा, आणि रिपोर्टवर आकडाच नव्हता.

ॲनाप्लाझ्मा तर थायलेरिया, बबेसियासारखा एकपेशी परजीवी पण नाही, तो जिवाणूच्या जातीतला, ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक लागतं. दिलं. इमिडोकार्ब पण चालतं म्हणे. गाय उठली पण पूर्वीच्या दुधावर आली नाही, पाच दिवस वाया गेले त्याचा हिशोब कोणाकडे मागणार. मी लॅबच्या मोठ्या डॉक्टरांना भेटून सांगितलं, शांतपणे सांगितलं, की तुमच्या काचेवर आमचा विश्वास आहे म्हणून एक ओळ पुरत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. आता रिपोर्टवर जंतू किती टक्के पेशींत आहे ते लिहून येतं आणि कमी असेल तर वाहक असू शकतं, लक्षणांशी जुळवून बघा अशी ओळ असते. म्हणून चार स्टार, नाहीतर तीन दिले असते.

ताईंनी त्या दिवशी एक प्रश्न विचारला जो मला झोपू देईना. महिनाभरात गोठ्यात लस टोचली होती का, सुई एकच होती का. टोचली होती, आणि सुई एकच होती. ॲनाप्लाझ्मा गोचिडाशिवाय पण जातो, चावऱ्या माश्यांनी, रक्त लागलेल्या सुईने, शिंगं कापायच्या हत्याराने. तेव्हापासून प्रत्येक जनावराला वेगळी सुई, लस टोचायला कोणीही आलं तरी आधी सुयांचा डबा मीच पुढे करतो.

पीसीआरबद्दल थोडं. काचेवर जे दिसत नाही इतकं कमी असलं तरी पीसीआरमध्ये सापडतं, पण रिपोर्टला या लॅबमध्ये आठवडा लागला. आजारी जनावरासाठी याच्या नादी लागू नका, तेवढा वेळ नसतो. नवीन जनावर घेताना, वेगळं बांधून ठेवलंय तेवढ्या दिवसांत करून घ्यायला चांगलं. मी आता तसंच करतो. आणि काच निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही असं समजू नका, ताप चालू असेल तर दुसऱ्या दिवशी परत काच काढा, गाठ असेल तर गाठीची पण काढा, नुसतं रक्त देऊ नका. बबेसियाची दुसरी जात आहे, बोव्हिस, जी मेंदूत जाते आणि जनावर भेलकांडतं, तिच्यासाठी तर कानाच्या किंवा शेपटीच्या टोकाचंच रक्त पाहिजे, मानेच्या मोठ्या शिरेत ती सापडत नाही बऱ्याचदा.

बाकी छोट्या गोष्टी. पार्किंग नाही. फोन लवकर उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर उत्तर येतं. फॉर्मवरची अक्षरं इतकी बारीक की चष्मा लागतो. बसायला जागा आहे.

सुट्टीच्या दिवशी बंद असते, ही मोठी अडचण आहे कारण ताप वार बघून येत नाही. त्याच्यावर ताईंनी दिलेला उपाय लिहितो. काच काढून सुकली की मिथेनॉलमध्ये दोन तीन मिनिटं बुडवून परत सुकवायची, मग ती दोन दिवस आरामात टिकते. मिथेनॉल विषारी असतं, बाटलीवर नाव लिहून पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. काचेच्या न वापरलेल्या कडेला पेन्सिलने जनावराचा बिल्ला नंबर आणि तारीख लिहा, पेनची शाई मिथेनॉलमध्ये जाते. काचा एकमेकीला चिकटणार नाहीत अशा कागदात गुंडाळा. ईडीटीएची ट्यूब फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की पेशी फुटतात. काच निघाली की मग डॉक्टरांना विचारून इंजेक्शन सुरू करा, लॅब उघडायची वाट बघत जनावर तसंच ठेवू नका.